सोलापूर–मुंबई विमानप्रवास: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात नवी पेठेत माझं तिकिटांचं छोटं काउंटर आहे. पूर्वी लोक रेल्वेचं रिझर्वेशन आणि ट्रॅव्हल्सची सीट विचारायला यायचे. ९ जून २०२५ला गोव्याचं विमान सुरू झालं, १५ ऑक्टोबर २०२५ला मुंबईचं, आणि तेव्हापासून प्रश्नच बदलले. "किती किलोमीटर पडतं?", "किती वेळ लागतो?", "फोनवर वेगळंच दाखवतंय की!" रोज तीच उत्तरं देऊन घसा बसायची वेळ आली, म्हणून ती इथं लिहून ठेवली. अंतरं विमानतळांच्या अक्षांश-रेखांशावरून मी स्वतः काढली आहेत, त्यामुळे एक-दोन किलोमीटरवरून भांडायला येऊ नका.

सोलापूर ते मुंबई विमानाचं अंतर किती?

सरळ रेषेत सुमारे ३६२ किलोमीटर. होटगी रोडच्या विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत मोजलेलं हे अंतर आहे.

पण एका ठिकाणी २२५ दाखवतंय आणि दुसरीकडे १९५. खरं कुठलं?

तिन्ही खरी. २२५ हे मैल आहेत, १९५ हे नॉटिकल मैल. विमान आणि जहाज वाल्यांचा मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि वेगही ते त्याच हिशेबात, म्हणजे 'नॉट'मध्ये सांगतात. आकड्यापुढचं एकक न वाचता "१९५ किलोमीटर तर आहे, पंढरपूरला दोनदा जाऊन आल्यापेक्षाही कमी" असं ठासून सांगणारे एक काका माझ्याकडे येऊन गेले आहेत.

हे अंतर काढतात कसं? रस्ता तर हवेत नाही.

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे गोलावर ताणून धरलेली दोरी. मोठ्या अंतराला त्यासाठी त्रिकोणमितीची सूत्रं लागतात. सोलापूर-मुंबईएवढ्या पट्ट्याला मात्र दहावीचं पायथागोरस पुरतं. करूनच बघू.

सोलापूर विमानतळ साधारण १७.६३ उत्तर अक्षांश आणि ७५.९४ पूर्व रेखांशावर आहे, मुंबईचा १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशातला फरक १.४६ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडे १६२ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.०७ अंश. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असतो, पण उत्तरेला सरकलं की आक्रसत जातो. आपल्या पट्ट्यात तो साधारण १०५.५ किलोमीटर धरायचा. म्हणून पश्चिमेकडे ३२४ किलोमीटर.

१६२चा वर्ग २६,२४४. ३२४चा वर्ग १,०४,९७६. बेरीज १,३१,२२०. वर्गमूळ ३६२. झालं. माझ्या पुतण्यानं हे गणित काउंटरवरच्या जुन्या पावतीच्या पाठीमागे पाच मिनिटांत सोडवलं, आणि मग आपल्या मास्तरांना दाखवायला ती पावतीच घेऊन गेला.

रेल्वेनं ४५५ किलोमीटर आणि विमानानं ३६२. मधले ९३ गेले कुठे?

वळणांत गेले. रेल्वे कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत जाते, बोरघाट उतरते, कर्जत-कल्याणवरून मुंबईत शिरते. रूळ टाकणाऱ्यांना नद्या, डोंगर आणि गावं बघावी लागली. शिवाय दोन्हीकडची टोकंही वेगळी आहेत. सोलापूर स्टेशन ते सीएसएमटी सरळ रेघ मारली तर ती साधारण ३५३ किलोमीटरच भरते. फोनवर कधी ३५३, कधी ३६२ दिसतं ते यामुळेच: एकदा शहर ते शहर मोजलेलं असतं, एकदा विमानतळ ते विमानतळ.

विमान त्याच सरळ रेषेवरून जातं का?

अगदी तसंच नाही. धावपट्टीची दिशा ठरलेली असते. सोलापूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. वारा जिकडून येतो त्याच्या समोर तोंड करून विमान उडतं आणि मग वळतं. पुढं ठरलेल्या हवाई मार्गांवरून, नियंत्रण कक्ष सांगेल तसं जावं लागतं. मुंबईत उतरताना रांगेत लागायचं असतं, तेव्हा एखादी घिरटीही पडते. त्यामुळे प्रत्यक्षात उडालेलं अंतर ३६२पेक्षा जास्तच भरतं.

एक गंमत मात्र सांगतो. सोलापूर-मुंबई ही सरळ रेघ नकाशावर ओढा, ती पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून जवळजवळ आरपार जाते. सोलापूर ते पुणे विमानतळ २३८, तिथून मुंबई १२४, बेरीज पुन्हा ३६२. सोलापूरकराची मुंबईची वाट आकाशातही पुणं सोडत नाही.

३६२ किलोमीटरला किती वेळ लागतो?

वेळापत्रकात साधारण तासाभराचं अंतर दिसेल, कधी पाच-दहा मिनिटं जास्त.

जेट तर ताशी ८०० किलोमीटरनं जातं. मग अर्ध्या तासात का पोचत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि रास्त आहे. ३६२ भागिले ८०० केलं तर सत्तावीस मिनिटं येतात. पण विमानाला ८००चा वेग मिळतो तो उंचीवर गेल्यावर. इतक्या छोट्या प्रवासात त्या उंचीवर ते जेमतेम टेकतं, आणि लगेच उतरायची तयारी. दहा हजार फुटांखाली तर साधारण २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते. पुण्याच्या रस्त्यावर टेंभुर्णीपर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवायची आणि मग पुण्यापर्यंतची सरासरी काढायची, तशातला प्रकार.

दुसरं म्हणजे तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. जागेवरून विमान हललं तिथून ते मुंबईत जागेवर जाऊन थांबलं तिथपर्यंतचा असतो. याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. यात सोलापुरात धावपट्टीच्या टोकाला जाणं आलं आणि मुंबईत उतरल्यावर बराच वेळ जमिनीवर चालत राहणंही आलं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही मिळून दुप्पट काम होत नाही. एवढ्या गर्दीच्या विमानतळावर उतरायचं म्हणजे कंपन्या वेळापत्रकात आधीच थोडा जादा वेळ धरून ठेवतात. म्हणून कधी कधी विमान दहा मिनिटं आधी पोचतं आणि सगळे खूश होतात.

संगणकावरचे अंतर-वेळ काढणारे हिशेब सहसा सोपी युक्ती वापरतात: अंतराला ८००नं भागायचं आणि वर अर्धा तास घालायचा. सत्तावीस अधिक तीस, सत्तावन्न मिनिटं. अंदाजाला वाईट नाही.

म्हणजे दुपारच्या विमानानं तासाभरात मुंबईत?

इथंच मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. विमान सुरू झालं त्या दिवसांत आत्याला तिकीट काढून दिलं आणि बेफिकिरीनं म्हणालो, "आत्या, तासाचं काम आहे." तिनं घाटकोपरला लेकीला फोन करून सांगितलं की जेवायलाच येते. लेकीनं पुरणाचा घाट घातला. आत्या पोचली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. विमान वेळेवरच होतं, चूक माझ्या बोलण्याची. आत्या अजून मला "तासवाला" म्हणते.

तेव्हापासून मी घर ते घर हिशेब सांगतो. समजा जुळे सोलापुरातून घाटकोपरला जायचंय. विमानतळापर्यंत वीस मिनिटं. उड्डाणाआधी दीड तास तिथं पोचायचं, कारण बहुतेक कंपन्यांचं सामान घेणारं काउंटर तासभर आधी बंद होतं. विमानाचा तास-सव्वा तास. मुंबईत बाहेर पडून बॅग हातात येईपर्यंत अर्धा-पाऊण तास. तिथून घाटकोपर आणखी पाऊण तास, तोही मुंबईचा रस्ता दयाळू असेल तर. बेरीज सव्वाचार-साडेचार तासांच्या घरात जाते.

मग वंदे भारत काय वाईट?

काहीच वाईट नाही. १० फेब्रुवारी २०२३ला ती सुरू झाली तेव्हापासून माझे निम्मे मुंबईकर गिऱ्हाईक तिनंच जातात. साडेसहा तास धरा. तुम्हाला मुंबईत कुठं जायचंय त्यावर सगळं आहे. अंधेरी, पार्ले, सांताक्रूझ, बोरिवली म्हणाल तर विमान सरळ जिंकतं, दोन-तीन तास वाचतात. कल्याण-डोंबिवलीला उतरायचं असेल तर मी स्वतः वंदे भारतचं तिकीट देतो. ती कल्याणला थांबते, आणि विमानानं अंधेरीला उतरून परत कल्याण गाठेपर्यंत वाचवलेला सगळा वेळ रस्त्यात जातो. फोर्ट-चर्चगेटला सकाळी दहाचं काम असेल तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसला तोड नाही. झोपेत जायचं, सकाळी मुंबईत, हॉटेलचा खर्चही नाही. ज्याचं उत्पन्न विमानाच्या तिकिटातून जास्त होतं तो माणूस हे सांगतोय, म्हणजे विचार करा.

गोव्याला किती अंतर?

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत सुमारे ३०५ किलोमीटर. जुन्या दाभोळी विमानतळाला असतं तर ३३६ पडलं असतं. या मार्गावर एटीआर ७२ जातीचं, पंख्यांचं विमान सुरू झालं. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास, तरी वेळ तासाभराचाच. कारण वरचंच: छोट्या टप्प्यात जेटला आपला वेग दाखवायला जागा मिळत नाही. पंख्याचं विमान बघून नाक मुरडू नका.

रस्त्यानं गोवा म्हणजे घाट धरून आठ-नऊ तास. त्यामुळे मुंबईपेक्षा गोव्याला विमानाचा फायदा जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत.

तिकीट काढताना गोव्याची दोन नावं दिसतात.

नीट बघा. मोपाचा कोड 'जीओएक्स', दाभोळीचा 'जीओआय'. मोपा पेडण्यात, उत्तरेच्या टोकाला. दाभोळी वास्कोजवळ. एकात उतरून दुसऱ्यातून पुढचं विमान धरायचं असेल तर मधे मोठा रस्ता आहे. आता मुंबईचीही तीच गत झाली आहे. जुना विमानतळ 'बीओएम', नवी मुंबईचा 'एनएमआय'. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. सोलापूरहून तो सरळ रेषेत सुमारे ३३८ किलोमीटर, म्हणजे थोडा जवळच. पुढचं विमान नवी मुंबईहून असेल आणि तुम्ही सांताक्रूझला उतरलात, तर मधली खाडी तुम्हालाच पार करायची आहे. आपल्या सोलापूरचा कोड 'एसएसई'.

बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली?

बेंगळुरू ५२८ किलोमीटर, थेट विमानानं सव्वा तास धरा. हैदराबाद सरळ रेषेत २६८ आहे. दिल्ली १,२२१. पण दिल्लीला मुंबईवरून गेलात तर ३६२ अधिक १,१३७, म्हणजे जवळपास १,५००. पावणेतीनशे किलोमीटरचा वळसा.

मुंबईवरून दुबईला गेलं तरी असाच वळसा पडतो का?

नाही! हा माझा आवडता आकडा आहे. सोलापूर ते दुबई सरळ रेषेत २,२८८ किलोमीटर. सोलापूर-मुंबई ३६२, मुंबई-दुबई १,९२६, बेरीज २,२८८. मुंबई बरोब्बर वाटेत येते. अंतर वाया जात नाही, जातो तो मधल्या थांब्याचा वेळ.

घड्याळाचं मात्र लक्षात ठेवा. तिकिटावर उतरण्याची वेळ तिथली असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी अडीच तास मागे. उमराहला निघालेल्या एका चाचांनी निघायची वेळ आणि पोचायची वेळ यांची वजाबाकी केली आणि म्हणाले, "तीनच तास? माशाअल्लाह, रॉकेट आहे!" त्यात अडीच तास मिळवून दाखवले तेव्हा हसायला लागले. परत येताना उलटं होतं, प्रवास उगाच लांबलचक दिसतो.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का?

वाऱ्यामुळे. हिवाळ्यात वरच्या थरात वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे मुंबईहून सोलापूरला येताना तो पाठीशी आणि जाताना समोर. पावसाळ्यात खालच्या थरात पश्चिमेचे जोरदार वारे आणि खूप उंचावर चक्क पूर्वेचे, असा दुमजली कारभार असतो. एवढ्या छोट्या टप्प्यात फरक काही मिनिटांचाच. बाकीचा फरक वाऱ्याचा नसून मुंबईच्या गर्दीचा.

इतकी वर्षं सोलापूरला विमान का नव्हतं?

मधे काही काळ किंगफिशरचं विमान मुंबईला जात असे, ते बंद पडलं. मग धावपट्टी होती, विमान नव्हतं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी विमान उतरण्याच्या वाटेत येत होती, आणि त्या चिमणीवरून शहर दोन तट पडून भांडलं. एका बाजूला ऊस उत्पादक सभासद, दुसऱ्या बाजूला विमानसेवा मागणारे. १५ जून २०२३ला चिमणी पाडली गेली. धुरळा कुमठ्याच्या पलीकडे दिसला म्हणतात; मी दुकानात होतो, मला फक्त फोन दिसले, प्रत्येकाच्या फोनवर तोच व्हिडिओ. नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीनं झालं. बोरामणीच्या प्रस्तावित मोठ्या विमानतळाची चर्चा त्याच्याही आधीपासून चालू आहे. तिथलं तिकीट मी अजून विकत नाही.

पुण्याला विमानानं गेलं तर?

२३८ किलोमीटर, हवेत अर्धा-पाऊण तास. पण दोन्हीकडची वाट बघणं धरलं तर तेवढ्यात गाडी हडपसरला लागते. पुण्याला रेल्वे किंवा रस्ता.

चादरी आणि शेंगा चटणी नेता येते का?

येते. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या हातात ७ किलो आणि खाली द्यायला १५ किलो देतात. लग्नाच्या आहेराला सहा-सात चादरी नेणाऱ्यांनी घरी वजनकाट्यावर बॅग ठेवूनच निघावं, चादर दिसते त्यापेक्षा जड असते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, खालच्या सामानात चालत नाही.

विमान लेट झालं किंवा रद्द झालं तर?

अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या प्रवासाला दोन तासांवर उशीर होणार असेल तर विमानतळावर खाणंपिणं देण्याचा नियम आहे. आपले सगळे मार्ग त्यात बसतात. रद्द झालं तर पूर्ण पैसे किंवा दुसरी सोय मागा. मोठ्या शहरात पुढचं विमान दोन तासांनी असतं. इथं ते दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा असू शकतं. म्हणून मुंबईहून परदेशी विमान धरायचं असेल तर मी त्याच दिवसाचं सोलापूरचं तिकीट देत नाही. आदल्या दिवशी जा, कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करा.

वेळापत्रक कधी बदलतं?

मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागू होतं. त्या सुमाराला प्रवास असेल तर निघण्याआधी वेळ पुन्हा तपासा. आठवड्यात कुठल्या वारी विमान आहे तेही बदलतं.

खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?

मुंबईला जाताना उजवी, परत येताना डावी. सरळ रेघ उजनी धरणाच्या जरा दक्षिणेकडून जाते, त्यामुळे हवा स्वच्छ असली तर धरणाची भिंत आणि मागं भिगवणकडे पसरत गेलेलं पाणी उजव्या हाताला दिसतं. ऊनही त्या बाजूला कमी. पंखावरची सीट टाळा, नाहीतर ३६२ किलोमीटर पत्राच बघत जाल. एटीआरमध्ये पंख वर असतो, तिथं ती अडचण नाही. आत्या परतीच्या प्रवासात डावीकडे बसली होती. उजनी दिसल्यावर तिनं शेजारच्या अनोळखी बाईंना उठवून दाखवलं म्हणे, "ते बघा, आमच्या नळाचं पाणी."